दगडांच्या दोन ओळींमधून

कोमोंदू, ऑक्टोबर

प्रिय रोसेंदो,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. फोन वाजायचा थांबतो, पत्र मात्र टेबलावर पडून माणसाकडे बघत बसतं. तुझ्या बायकोला, इमेल्दाला, मी सांगून ठेवलं आहे की हे त्याच्या ताटाशेजारी ठेव आणि वाचून होईपर्यंत हलवू नकोस. तेव्हा आधी मुद्द्याचं. येत्या नोव्हेंबरात तुझी आई जाऊन वर्ष होईल. तिचा एक नवस फेडायचा राहिला आहे, आणि आपल्याकडे आईचा राहिलेला नवस लेकराच्या अंगावर येतो, हे तुला मी शिकवायला नको. संत हाविएरच्या सणासाठी मी इथून पायी निघणार आहे, मोटारीच्या रस्त्याने नाही, जुन्या पाद्रींनी पाडलेल्या वाटेने, डोंगर ओलांडून, थेट सान हाविएरच्या चर्चपर्यंत. तू माझ्याबरोबर यायचं आहेस. नाही म्हणायचं असेल तर इथे येऊन माझ्या तोंडावर म्हण.

नवस कसला होता हे तू कधी विचारलं नाहीस आणि तुझ्या आईने, देल्फिनाने, सांगितलं नाही. त्याकडे मी येते. आधी तयारीचं बोलू, कारण तयारी न करता त्या डोंगरात जाणारी माणसं मी खूप पाहिली आहेत आणि त्यांतली काही खेचरावर आडवी टाकून परत आणलेली पाहिली आहेत.

पाण्याची काळजी यंदा कमी आहे. सप्टेंबरच्या वादळाने खडकातली टाकी तुडुंब भरली आहेत. आपला खेचरवाला नाबोर मागच्या आठवड्यात बघून आला. दुसऱ्या मुक्कामाच्या टाक्यात मेलेली शेळी होती, ती त्याने काढली, पण ते पाणी फक्त जनावरांना. आपलं पाणी आपण कातडी पखालीत नेऊ. खेचरं नाबोरचीच. तोर्काझा नावाची करडी माझ्यासाठी ठेवली आहे, गुडघे बोलायला लागले तर बसायला. तो मला म्हणाला, "दोन्या निकोलासा, तुमच्या वयाच्या बायका सावलीत खुर्ची टाकून माळ ओढतात." मी म्हटलं, "खुर्ची तू घे, खेचर मला दे." हसला नाही. वर्षभरात तो हसलेला मी पाहिलेला नाही. ते का, हेही पुढे येईल.

शहरातून डबाबंद काही आणू नकोस. डबे भरलेले असताना जड आणि रिकामे झाले तरी वाहायचे. वाळवलेलं मांस मी कुटून ठेवलं आहे, मिरची आणि लसूण घालून, तुझ्या आईच्याच दगडावर. तुला आठवतं का, ती कुटायला बसली की तू मागून हात घालायचास? ती वरवंटा न थांबवता म्हणायची, "बोटं गेली तर त्यांचंही मांस होईल, मला काय." आणि तरी प्रत्येक वेळी तुझी मूठ भरलेली असायची. सुके अंजीर आहेत, गुळाच्या ढेपा आहेत, गव्हाच्या पोळ्या निघायच्या आदल्या दिवशी करू. कॉफी मात्र तू आण, इथल्या दुकानातली कॉफी म्हणजे भाजलेले हरभरे.

बुटांचं नीट ऐक. ते रबरी तळाचे पळायचे बूट घालून आलास तर मी तुला दारातूनच परत पाठवीन. निवडुंगाचा काटा रबरातून लोण्यासारखा जातो. कच्च्या कातड्याचे बूट लागतात, आपल्या डोंगरातले. नाबोर करून देईल. कागदावर उभा राहा, इमेल्दाला पायाभोवती पेन्सिल फिरवायला सांग आणि तो कागद मला पाठव. लहानपणी तुझे बूट देल्फिना स्वतः कापायची, घरच्या बोकडाच्या कातड्याचे. पाय वाढला की तू रडायचास, नवे नकोत म्हणून, जुने मऊ झालेले असायचे. त्या बुटांचा विषय मला पुन्हा काढायचा आहे.

आता जे तुला ऐकायचं नाही ते.

देल्फिनाची आठवण कशी गेली हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, पण मलाही थोडं माहीत आहे. आम्ही दोघी एकाच अंगणात वाढलो. ला पासच्या अध्यापक विद्यालयात शिकायला मी गेले तेव्हा माझ्या ट्रंकेला दोरी तिने बांधली, परत येऊन इथल्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा पहिल्या दिवशी फळा तिने पुसला. तू झालास तेव्हा बाप्तिस्म्याला पाद्रींसमोर तुला मी हातात धरलं, तुझी धर्मआई झाले, आणि त्या दिवसापासून ती मला कोमाद्रे म्हणायची, नावाने कधीच नाही. शेवटच्या वर्षी एकदा अंजिराची टोपली घेऊन गेले तर तिने उठून मला खुर्ची दिली आणि अदबीने विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या शाळेवर असता?" मी शाळेचं नाव सांगितलं. "चांगली शाळा आहे," ती म्हणाली. "माझा मुलगा तिथेच जातो. जरा द्वाड आहे, लक्ष ठेवा." मी ठेवीन म्हटलं आणि घरी आले. त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही.

पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून गेली नव्हती, आणि ती आपल्यापैकी कुणालाच नीट कळली नाही. नोव्हेंबरात वारा उत्तरेचा झाला की ती शाल बांधून दारात उभी राहायची. "चला, उशीर होतोय." कुठे जायचंय म्हटलं की रागवायची. दोन वर्षं असं चाललं. मग तू दाराला बोटभर लोखंडी अडसर बसवलास. योग्य केलंस. तो अडसर मी धरला होता आणि तू स्क्रू पिळत होतास, आणि आजही पुन्हा धरीन. त्या सकाळी तू गॅसची टाकी आत आणलीस, दोन्ही हात गुंतलेले होते, अडसर उघडा राहिला. एवढंच झालं. इमेल्दा सांगते की आईला माती दिल्यावर घर बंद करताना तू तो अडसर काढून बरोबर नेलास आणि तो तुझ्या खिशात असतो, कामावर, जेवताना, चर्चमध्येसुद्धा. आणि कुणी आईचं नाव काढलं की एकच वाक्य, "मी आईला हरवलं." कामावरून येऊन तू भिंतीकडे तोंड करून बसतोस. तुझा धाकटा तुझ्याशी बोलायला घाबरतो.

तेव्हा त्या दिवसाचं मी सांगते, कारण तू तेव्हा भानावर नव्हतास. सगळं गाव शोधायला निघालं. सगळे उत्तरेला, ओढ्याने वर, तिच्या माहेरच्या गोठ्याकडे. आठवण गेलेलं माणूस लहानपणीच्या घराकडे जातं असं सगळ्यांनाच वाटत होतं. तूही तिकडेच धावलास. फक्त नाबोर म्हणाला की दक्षिणेकडचीही माती बघून घेऊ, आणि मी त्याच्याबरोबर गेले. सान हाविएरच्या त्या वाटेला दोन्ही बाजूंनी दगड रचलेले आहेत ना, पाद्रींच्या काळात बाजूला सारलेले, त्या दोन ओळींमध्ये त्याला पावलं दिसली. तो खाली वाकला, पुढे गेला, परत आला. डोंगरात माग काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, हे तू जाणतोस. तो म्हणाला, "हे हरवलेलं माणूस नव्हे. हरवलेलं माणूस झुडपाझुडपाशी थबकतं, मागे बघतं, स्वतःभोवती फिरतं. हे सरळ चाललंय. कुणीतरी यात्रेकरू आहे, सणाला लवकर निघालेला." सण जवळच होता, यात्रेकरू जातच होते. मी मान हलवली. आम्ही वळलो आणि उत्तरेला तुमच्यात येऊन मिळालो. ती सापडली ती त्याच वाटेवर, पहिल्या चढाच्या माथ्यापलीकडे, मेस्कितेच्या झाडाखाली, दगडांना पाठ टेकून. उन्हाने आणि तहानेने तिला आमच्या आधी गाठलं होतं. नाबोर तेव्हापासून हसत नाही. तिथे त्याने क्रूस उभा केला आहे. येणारा जाणारा दगड ठेवतो, आता चांगला ढीग झाला आहे. पहिल्या दिवशी दुपारी आपण तिथे पोहोचू. तुझा दगड तू घरच्या अंगणातला आण.

तिथून पुढची वाट अवघड आहे ती एकदाच, काळ्या दगडांच्या पठारावर, तिथे पाय मुरगळतात. पठार उतरलं की बेल्त्रानांचा मळा लागतो, ते चीज देतील आणि आग्रह करतील, पण थांबायचं नाही, थांबलं तर म्हातारा बेल्त्रान रात्रभर आपल्या आजाराचं सांगतो. मग दरीतून चालायचं आणि एका वळणावर एकदम चर्चचा मनोरा दिसतो. माझी आजी तिथे चप्पल काढायची.

त्या चर्चला तू दर वर्षी गेलास. ट्रकमध्ये गाद्या टाकून, गिटार घेऊन, आईला पुढच्या सीटवर बसवून. आणि दर वर्षी ती मागच्या जुन्या ऑलिव्हच्या झाडाखाली बसून राहायची. मिठाई घ्यायची, नाच बघायची, लोकांची विचारपूस करायची, पण उंबरठा ओलांडायची नाही. तू चेष्टा करायचास, "आई, संतांशी भांडण आहे का तुझं?" ती म्हणायची, "भांडण कसलं? मला अजून बोलावणं नाही." तुला तो तिचा विनोद वाटायचा. तू पंधरा वर्षांचा असताना तिने तुला एकदा विचारलंही होतं, मी तिथेच शेंगा सोलत बसले होते. "या वर्षी पायी जाऊ या का रे, आपण दोघं?" तू म्हणालास, "पायी? आई, आता रस्ता झालाय." ती हसली आणि शेंगांकडे वळली. पुन्हा कधी विचारलं नाही. मी तिला म्हणायचे, सांगून टाक त्याला. ती म्हणायची, "कोमाद्रे, सांगितलं की ओझं होतं. स्वतःहून आला पाहिजे." तिचं हे मला पटत नसे, पण नवस तिचा होता, तोंड उघडायचा हक्क माझा नव्हता. आता ती नाही आणि ओझं तुझ्याकडे आलंच आहे, तेही भलतंच. म्हणून मी बोलते.

रोसेंदो, तू सहा वर्षांचा असताना वादळाने ओढा फुटला होता, वाट तुटली होती, आणि तुझा ताप उतरत नव्हता. डॉक्टर पलीकडच्या काठावर अडकला होता. तू डोळे उघडत नव्हतास. तुझ्या आईने चिखलात, अंगणात, दक्षिणेकडे तोंड करून गुडघे टेकले. मी शेजारी होते, मी ऐकलं. "याला जगव. मी याला घेऊन येईन, चालत, पाद्रींच्या वाटेने. तोवर तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही." पहाटे तू पाणी मागितलंस. तुझ्या घरी एक गाठोडं आहे, सापडली तेव्हा तिच्याजवळ होतं ते. इमेल्दा म्हणते तू ते उघडलेलं नाहीस. तिला न्हाऊ घातल्यावर ते मीच पुन्हा बांधलं, म्हणून मला माहीत आहे. ते उघड. त्यात तुझे सहाव्या वर्षीचे बूट आहेत, बोकडाच्या कातड्याचे, तिने तेल लावून मऊ केलेले. गाठोडं पाठीला नव्हतं. नाबोर सांगतो, तिने ते हातात धरलं होतं, असं खाली सोडून, लहान पोराचा हात धरतात तसं. तू तिला हरवलं नाहीस. ती हरवलेलीच नव्हती. नाबोरने माग बरोबर वाचला होता, ती यात्रेकरूच होती, आणि तिच्या हिशेबी तू तिच्याबरोबर चालत होतास. उरलेली वाट आता आपण चालू. बूट घेऊन ये. अडसर घरी ठेव. चर्चच्या दारात मी बाहेर थांबेन, ते बूट घेऊन आत तू जायचं आहेस.

नाबोरला मापाचा कागद लवकर हवा आहे, कातडं भिजत घालायचं आहे.

वाट बघणारी, तुझीच,
धर्मआई निकोलासा