वरच्या बाईंच्या दाराची कडी

अहो,

मी वरच्या बाईंकडे आहे. हो, आपल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ओततात, त्याच. दुपारी त्या बाथरूममध्ये घसरून पडल्या. हाका ऐकून मी धावले आणि तुमच्या हातोडीने त्यांच्या दाराची कडी तोडली. तोडताना प्रीतीपेक्षा जुना राग जास्त कामी आला, हे प्रभूला ठाऊक आहे. बाईंचं मनगट मुरगळलंय, बाकी बऱ्या आहेत.

जेवून घ्या आणि हत्यारांची पेटी घेऊन वर या. रविवारी चर्चमध्ये शेजारप्रीतीवर दणकून आमेन म्हणालात, आता सबबी नकोत.

मी बाईंना विचारलं, "ह्यांना बोलावू का?" त्यांनी तुटलेल्या कडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "येतील का ते?"

तुमच्या वतीने मी हो म्हणून टाकलंय.