कडप्प्यावरचा मार्बल

४ नोव्हेंबर, मंगळवार

ठरलं! ओटा मीच रंगवणार. कडप्प्याचा काळा ओटा, त्यावर पांढरा मार्बल. हे म्हणाले, दगडावर कुठे रंग बसतो का? मोबाइलवरची बाई दाखवते, तिचा बसतो. मग माझा का नाही बसणार?

नणंदबाईंनी – कलाबाईंनी – दिंडोरीचं स्थळ आणलंय. मुलगी हर्षाली, फार्मसी शिकलेली, मेडिकलमध्ये बसते. स्वभावाला गोड म्हणे. आमच्या प्रफुल्लला तेहतीस पूर्ण होतील. तेवीस तारखेला, रविवारी, मुलीकडचे घर बघायला येणार. मागच्या खेपेला सिन्नरच्या बायकांनी स्वयंपाकघरात डोकावून एकमेकींकडे पाहिलं होतं, ते मी विसरलेले नाही. खरा मार्बल बसवायचा तर ओटा फोडा, महिनाभर धूळ खा. हातात एकोणीस दिवस. हे स्थळ मी जाऊ देणार नाही.

६ नोव्हेंबर

दोन दिवस पॉलिश पेपरने नुसती घासतेय. कडप्पा खरबरीत झाल्याशिवाय प्रायमर धरत नाही. बोटं सोलली. शेगडी मागच्या अंगणात नेऊन ठेवलीय. हे खुर्ची टाकून शेजारी बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आमच्याकडे सहल आहे. सातपूरच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून यांना दुसरा उद्योग नाही!

९ नोव्हेंबर, रविवार

प्रायमर झाला. पांढऱ्याचे दोन हात झाले. कुणीही बोट लावायचं नाही म्हणून दारात खुर्ची आडवी घातली, आणि तासाभराने मीच वाळलं का बघायला अंगठा टेकवला. उमटला! परत एक हात.

एका जागी बसवतच नाही. कपड्यांच्या घड्या घालायला घेते, अर्ध्यावर उठते, ओटा बघून येते.

१२ नोव्हेंबर

आज रेषा काढल्या. करड्या रंगात पाणी घालून बारीक ब्रशने. हे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, डॉक्टरांना दाखवायला पाहिजे, पायाच्या शिरा फुगल्यात. खरंच तसंच दिसतंय.

१३ नोव्हेंबर

सगळं पुसलं. परत पांढरा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जमलं! जमलं! पांढरा ओला असतानाच करडा टेकवायचा, पाणी फवारायचं, चुरगळलेल्या प्लास्टिकच्या पिशवीने टिपायचं, आणि रेषेला ब्रश नाहीच – पीस! गॅलरीत कबुतराचं सापडलं, ते साबणाने धुतलं. हात ढिला सोडायचा, कापू द्यायचा. मी मुद्दाम कापवत होते, मग तो आपोआपच कापायला लागला. खालचा काळा कुठे दिसत नाही. हे बिचारे गप्प झाले, आणि मला तेच हवं होतं.

प्रफुल्लला हाताला धरून आणलं. "छान आहे, आई," म्हणाला, ओट्याकडे न बघता. हल्ली लग्नाचं निघालं की असाच करतो. पहाटे सहाला फर्स्ट शिफ्टला निघतो, दुपारी चेहरा उतरलेला असतो. अंबडच्या कंपनीत काम फार वाढलंय म्हणतो. मी जास्त बोलत नाही. बायको आली की बोलेल तिच्याशी.

१८ नोव्हेंबर

वर चकाकीसाठी क्लिअर कोट मारला. घरभर वास. थंडीमुळे वाळायचं नाव नाही. त्यात ती मोबाइलवरची बाई अगदी शेवटी सांगते, महिनाभर गरम भांडं ठेवू नका. महिनाभर! आधी सांगायला काय झालं होतं तिला?

२२ नोव्हेंबर

उद्या. शेगडी आत आणून ओट्यावर मांडली, खाली फळी घालून. दोनदा देवापुढे जाऊन उभी राहिले, काय मागायचं तेच आठवेना.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दहाला आले. हर्षालीचे वडील सहादूभाऊ, आई, आणि आजी कुसाबाई. पुरुष मंडळी हॉलमध्ये द्राक्षांच्या छाटणीवर बोलत बसली. प्रफुल्ल खाली मान घालून उत्तरं देत होता. सहादूभाऊ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, म्हणाले, मार्बल झकास आहे, आणि माझं डोकं फिरलं असणार, मी 'हो ना' म्हणून बसले.

पाहुणीने हातपाय न हलवता बसून राहायचं ही रीत कुसाबाईंना ठाऊकच नाही. सरळ आत आल्या, माझ्या आधी पदर खोचला. मी फडताळातून कप काढत होते, पाठ होती. चहा उतू जायला लागला तसं त्यांनी सांडशीने पातेलं उतरवलं आणि ठेवलं – ओट्यावर. दगडाच्या ओट्यावर कुणीही तेच करेल! मी "अहो" म्हणेपर्यंत झालं होतं. गाळायला पातेलं उचललं तर मार्बल बुडाला चिकटून वर आला. खाली गोल, काळा कडप्पा.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कुसाबाईंनी पातेल्याचं बूड बघितलं, ओटा बघितला, मला बघितलं.

"ह्यो तं रंग हाय. कुणी केला?"

"मी."

पदर तोंडावर धरून हसत सुटल्या. मग पोह्यांचं ताट उचलून बरोबर त्या काळ्या गोलावर ठेवलं.

"माझ्या तोंडून नाय जायचं. ओट्यासंगं थोडंच नांदायचंय पोरीला? पोरगं कामाला हाय, बास."

मी त्यांच्या पाया पडले, ते नुसतं रीत म्हणून नाही.

२५ नोव्हेंबर

फोन नाही. ओट्याला परत पांढरा लावायला घेतला आणि सोडून दिला. हात ढिला राहत नाही.

२७ नोव्हेंबर

कलाबाईंचा फोन! त्यांना घर पसंत, माणसं पसंत. कुसाबाई तर माझंच गुणगान गात होत्या म्हणे. आता नेहमीची चौकशी तेवढी राहिली. मुलाच्या कंपनीच्या गेटवर जाऊन विचारतात, तसं. विचारू दे की! सहा वर्षं झाली त्याला तिथे, नाव घेतलं तर वॉचमनसुद्धा सांगेल.

प्रफुल्लला सांगितलं तर तो अंगणात जाऊन उभा राहिला. लाजला असेल. मला इतका आनंद झालाय की जेवण गेलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

दुपारी सहादूभाऊंचा फोन आला. आवाज नरमच होता. "ताई, गेटवर इचारून आलो. तुमचा मुलगा गणपतीपासून तिथं नाय. त्याला कमी केलं. तुमाला ठाऊक नव्हतं का?" मग, स्थळाचं राहू द्या आता, म्हणाले.

साडेतीनला प्रफुल्ल आला. बॅग खुंटीला लावली, डबा घासायला ठेवला. मी विचारलं, शिफ्ट कशी गेली? म्हणाला, नेहमीसारखीच.

उद्याच्या डब्यासाठी मटकी भिजत घातली.