पान एकशे चारवरचं उदाहरण

कोल्हापूर,
मंगळवार, दि. १२ जानेवारी १९९९

तीर्थरूप आप्पांना आणि अव्वाला संगमेशचे शरणार्थ.

मी बरा आहे. खोकला गेला, अव्वाला सांगा. छापखान्यात संगणकावरची अक्षरजुळणी आता मी एकटा बघतो. माझ्या एका पानात एकाहून जास्त चूक कधी निघत नाही.

सध्या हंबीरराव सरांचा तर्कशास्त्राचा शब्दकोश करतोय. शब्द अवघड, पण अर्थ आपल्या घरातलेच. अनवस्था म्हणजे कारणामागं कारण, त्यामागं आणखी एक, शेवटच नाही. अनुपलब्धी म्हणजे वस्तू दिसत नाही, यावरूनच ती तिथं नाही असं कळणं. अन्योन्याश्रय म्हणजे हे त्याच्यावर टेकलेलं, ते ह्याच्यावर, आणि दोन्ही अधांतरी.

या शेवटच्या शब्दापुढं सरांनी उदाहरणाची जागा रिकामी ठेवली होती. ओळी किती बसतात ते बघायला मी तात्पुरतं काहीतरी टाकलं. ते काढायचं राहिलं आणि मुद्रितं तपासायला सरांकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सर दारातूनच ओरडले, "ही ओळ कुणाची रं?"

"माझी, सर. चुकून राहिली. काढतो."

त्यांनी सगळ्यांसमोर वाचली : 'बाप म्हणतो, पोरगं घरी आलं की बोलेन. पोरगं म्हणतं, बापानं बोलावलं की जाईन.'

मी ओळ पुसायला संगणकाकडं वळलो.

"काढतोस कशाला? ऱ्हाऊ दे की! तीस वर्षं शिकवलं, मला असलं सुचलं न्हाय. कुठल्या गावचं हाय हे?"

"मुरगूडचं," मी म्हणालो.

तेव्हा पान एकशे चार तसंच छापलं जाणार. दुसऱ्या कुणी दाखवण्याआधी मीच कळवतोय.

आणखी एक. मी बारावीला नापास झालो, असं तुम्ही समजता. मी एकही पेपर दिला नव्हता. रोज केंद्राच्या फाटकापर्यंत जायचो, मग वेदगंगेच्या काठी बसून वेळेवर घरी यायचो. निकालाच्या आदल्या दिवशी घर सोडलं. आप्पांनी हाकललं, असं मी इथं सगळ्यांना सांगितलं. आप्पा, तुम्ही तर तोवर एक शब्दही बोलला नव्हतात.

काल सरांना विचारलं, हा अन्योन्याश्रयाचा दोष सुटतो कसा?

"एकानं टेकायचं सोडायचं. बास."

रविवारी सकाळच्या एस.टी.नं येतोय. तुम्ही बोलला नाहीत तरी संध्याकाळपर्यंत बाहेरच्या सोप्यात बसणार आहे. अव्वानं मध्ये पडू नये.

न बोलावता येणारा,
तुमचा संगमेश