ह्वेमधलं ‘जेवूनच जा’

प्रिय लूआ,

ह्वे शहरात पोचलो सुखरूप. गुडघाही गप्प आहे. आईंचा खोकला कसा आहे?

आपल्या लुआनने राजवाडा दाखवला. इतके दरवाजे, की आत शिरतोय की बाहेर पडतोय तेच कळेना.

मग ओळख करून घ्यायला, लुआनचं जिच्याशी जमलंय त्या डिएपच्या घरी गेलो. तिची आई म्हणाली, "आता जेवूनच जा." मी आपल्या गावच्यासारखा बसलो मांडी ठोकून. डिएप मागच्या दाराने बाजारात पळाली. नंतर इवल्याशा बशांतून तांदळाच्या वड्या आल्या. मी बावीस खाल्ल्या.

रस्त्यात लुआन म्हणाला, "बाबा, इथे तसं म्हणायची रीत असते. आपण नको नको म्हणत निघायचं असतं."

तेव्हापासून डोकं चालत नाही. कारण निरोप देताना विहीणबाई हसून म्हणाल्या होत्या, "पोरगी आता तुमचीच समजा." आणि मी लगेच हो म्हणून बसलो.

लूआ, तीही रीतच असेल का? लुआनला विचारायचा धीर होत नाही. तो मघापासून शीळ घालतोय.

लग्नासाठी राखलेली बदकं तूर्त विकू नकोस. कापूही नकोस.

तुझा गोंधळलेला,
बाओ