चाळीस वह्या आणि एक पत्रिका

॥ श्री ॥
श्रीवर्धन, मंगळवार (वार मी मुद्दाम निवडलेला नाही)

ती. सौ. वेणूताईस,

धाकट्या दादूचा तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार. डाव्या गुडघ्याला जरा हळूच. तेल लावतेस ना? इकडे सर्व खुशाल. तुझ्या भावजयीने माझ्याशी बोलणे टाकले आहे, त्यामुळे घरात शांतताही आहे. तुझ्या लेकाच्या, निकेतच्या, पत्रिकेबद्दलचे तिन्ही फोन पोचले. आपल्या अण्णांनी नातवाच्या बारशाला स्वहस्ते काढलेली ती पत्रिका जीर्ण झाली, म्हणून संस्कृतच्या मास्तराने तिची सुवाच्य नक्कल करावी आणि रविवारी त्याने पसंत केलेल्या अमिषाची आई उरणला तुझ्याकडे येईल तेव्हा ती समोर ठेवावी, हे लक्षात आहे. निकेतच्या सप्तमात मंगळ, मुलीकडे मंगळ नाही, आणि तो असल्याशिवाय तू होकार देणार नाहीस, हेही लक्षात आहे. (दोघे बंदरावरच्या एकाच कचेरीत चार वर्षे समोरासमोर बसतात, याची ग्रहांनी काही दखल घ्यावी असे माझे मत, पण मला कोण विचारते?) पत्रिकेकडे येतोच. आधी वह्यांचे ऐक.

तुझी भाची मृणाली हल्ली साध्या कोऱ्या वह्या आणून त्यांना नटवते. रंगीत चिकटपट्ट्या, लेस, वाळकी फुले, नागमोडी कापणारी कात्री. नवरीलाही एवढा साज चढत नाही. दिवेआगरच्या एका होमस्टेने पाहुण्यांसाठी चाळीस वह्या मागवल्या. वही बाहेरून बघण्यासाठी नसून आत लिहिण्यासाठी असते, असे मी म्हटले. त्यावर, "बाबा, तुमच्या विद्यार्थ्यांनी तरी आत काय लिहिलं?" (तीस वर्षे शिकवले आहे, तेव्हा उत्तर ठाऊक होते.) आणि प्रायश्चित्त म्हणून मदतीला बसलो.

माझी पहिली सूचना अस्सल गावची होती. पोफळीची विरी, म्हणजे झावळीबरोबर गळणारे ते चामड्यासारखे आवरण, आपल्या वाडीत पायलीला पन्नास. तिचीच कव्हरे करू. भिजवली, कापली, चिकटवली आणि बारा वह्या उन्हात ठेवल्या. विरी वाळत गेली तशी वळत गेली आणि दुपारच्या चहापर्यंत बाराही वह्या ओळीने जांभया देत होत्या. त्यांच्यावर पाटा ठेवला. तोंडे मिटली, पण लसणीच्या चटणीचा वास लागला. त्या वह्या मला बक्षीस मिळाल्या. हे पत्र त्यांतल्याच एकीच्या पानावर आहे, तेव्हा नाक जरा लांब धर.

मग मला फुलपाखरे पाडायचे यंत्र देण्यात आले. कागद सरकवायचा, वरून दाबायचे, खटक्, की खाली फुलपाखरू! 'अति सर्वत्र वर्जयेत्' हे मुलांकडून घोकून घेताना अति म्हणजे काय याची मला कल्पनाच नव्हती. जुना पिवळा कागद या कलेत फार मानाचा. आपल्या घरी चहाचा डाग म्हणजे गलथानपणा, यांच्याकडे तो 'विंटेज'! जुने पेपर पाडले, लग्नाची आमंत्रणे पाडली, भावजयीच्या हातची लोणच्याची कृती पाडली (अबोल्याचे मूळ ते). मृणाली ओरडली, "बाबा, बास आता! वहीला वही राहू द्या!" पण एवढ्यात कपाटावर एक अप्रतिम कागद सापडला. जाड, ताटाहून मोठा, पिवळा, कोरा, कडेला चहाचा डाग. बारा फुलपाखरे निघाली. बारा वह्यांवर बारा चिकटवली आणि समाधानाने हात धुतले.

असो. भावजींना नमस्कार सांग. नक्कल न्यायला आलेल्या निकेतच्याच हाती पत्र पाठवतो आहे.

तुझा,
दादू

ता. क. तो कागद एकाच बाजूने कोरा होता. डाग अण्णांच्या चहाचा होता.

ता. क. २. एकदम उठू नकोस, गुडघा आहे. वह्यांची पहिली खेप जाऊनही पत्रिकेची अकरा घरे घरातच सापडली. वाफेवर सोडवली आहेत. शुक्राचा पंख थोडा फाटला, गुरू सुखरूप. सातवे घर मात्र मंगळासकट शनिवारी दिवेआगरला पोचले आणि तिथे कचेरीच्या सहलीला आलेल्या एका मुलीने ती वही उचलली. जन्मवेळेवरून मंगळ पुन्हा मांडता येईल. अण्णांचे अक्षर कुठून आणू?

ता. क. ३. ती मुलगी म्हणजे अमिषा. फुलपाखरू एका बाजूने सुटत होते (आमच्या खाऱ्या हवेत डिंक धरत नाही), म्हणून तिने उलटून पाहिले, तर मागे निकेतचे नाव आणि मंगळ. मी फोन करून वही परत मागितली. म्हणाली, "मामा, र्‍हाऊ दे ना माझ्याकडं. चांगला चिकटवून ठेवलाय, कुठं जात नाय तो." सबब, मुलीकडे मंगळ हवा ही तुझी अट पुरी झाली आहे, तीही अण्णांच्या हस्ताक्षरात. मी नक्कल करत नाही. रविवारी पत्रिका काढू नकोस, पुरण काढ.

ता. क. ४. डिंक संपल्याने पाकीट उघडेच दिले आहे. निकेतने वाटेत वाचले असणार. होकार द्यायचा की नाही, ते आता माझ्या पत्राकडे पाहून ठरवू नकोस. दारात उभा आहे त्याच्या तोंडाकडे बघ.