त्यानं सांगितलेली तुझी गोष्ट

प्रिय बोक्या,

या पत्राला उत्तर लिहू नकोस, उत्तराच्या आधी तूच पोचशील. शुक्रवारी तुला सोडणार, असं तुरुंगातल्या साहेबांनी कळवलं. मी शिलाई तशीच टाकून आधी तुझी गादी उन्हात घातली.

सातवीला गणित शिकवणारे सर आठवतात ना? तुला पकडून नेलं त्या आठवड्यात ते घरी येऊन रडले. म्हणाले, वाया जाऊ घातलेल्या पोरांसाठी संध्याकाळचा वर्ग काढू, सायकल दुरुस्ती शिकवू, हात गुंतलेले राहतील. मला पटलं. तेव्हापासून वर्गणीसाठी त्यांच्याबरोबर दारोदार फिरले. लोक पाणी द्यायचे, पैसे नाही. एका बाईनं तर तोंडावर सांगितलं, आधी स्वतःचं घर सांभाळायचं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! पण तुझ्यासारखं आणखी कुणाचं होऊ नये म्हणून तेही गिळलं.

मग फरशीच्या कारखान्याचे मालक भेटले. म्हणाले, सुधारलेला एक तरी मुलगा दाखवा, मग देतो. अरे, वर्गच सुरू नाही तर मुलगा सुधारणार कुठून? बियाण्याला पैसे मागायला गेलो तर म्हणे आधी पीक दाखवा. काही दिवसांनी सरांनी कॉलेजात नाटकं करणारा एक मुलगा माझ्याकडे पाठवला, माहिती लिहून घ्यायची आहे असं सांगून. गोड पोरगा. चहा पीत तुझ्याबद्दल विचारत राहिला. बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही सगळं सांगत बसले.

देणगीदारांच्या कार्यक्रमात तोच स्टेजवर आला आणि तुझी गोष्ट स्वतःची म्हणून सांगू लागला. बाबांचं जाणं, फोडलेलं दुकान, माझं शिलाई मशीन. फक्त त्याच्या गोष्टीत सर वेळेवर भेटले आणि तो सुधारला. लाजलास की तू डावा कान चोळतोस ना, तेसुद्धा त्यानं केलं. शेवटी माझ्याकडे हात करून "आई" म्हणाला. मी जागची उठले नाही. लोकांना वाटलं, बाईला गहिवरून आलं. मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटत होती, आणि त्याच्या आधी सरांच्या.

पैसे जमले. हॉल रंगवलाय, भिंतीवर पाने-पकडी टांगल्यात, रविवारी उद्घाटन आहे. काम चांगलं झालंय, खोटं कशाला बोलू.

काल सर आले, पण बसले नाहीत. "त्याला थोडे दिवस मावशीकडे ठेवता येईल का? मालक येणार आहेत, लोक नाही नाही ते विचारतील." ज्याच्या जिवावर पैसे उभे केले, त्यालाच दार बंद. मी म्हटलं, त्याला विचारून सांगते.

पण मी विचारत नाहीये, बजावतेय. मावशीकडे जायचं नाही, सरळ घरी यायचं. निळा शर्ट शिवून ठेवलाय. खांदे अंदाजानं धरलेत, मापाला तू नव्हतास. रविवारी आपण दोघं जाऊन पहिल्या रांगेत बसू. लाज वाटली तर खुशाल कान चोळ. ती सवय मुळात कुणाची, ते बघू देत सगळे.

तुझीच, स्टेजवरच्या कुणाचीही नसलेली,
आई