जाऊबाईंची रिकामी बरणी

शुक्रवार, संध्याकाळ. भाद्रपद.

थोरल्या जाऊबाई आज रिकामी बरणी घेऊन आल्त्या. त्यांच्या कैरीच्या लोणच्याला बुरशी आली म्हणे. येणारच ना! उन्हाळ्यात बांधावरच्या सामाईक आंब्याला त्यांनी काठीनं झोडपलं. खाली आपटून मऊ पडलेल्या कैऱ्यांच्याच फोडी केल्या. मी मात्र झेल्यानं, काठीला बांधलेल्या जाळीनं, एकेक कैरी देठासकट उतरवून राह्यलते, तर चार बायांसमोर म्हणाल्या, "हिचे आंबे सोन्याचे हायेत!" सगळ्या हसल्या. ते हसणं अजून कानात आहे.

आज आवाज एकदम गोड. "वाटीभर दे गं, टेंभुर्णीचे पाहुणे येऊन राह्यले."

"न्हाई देत."

"एवढ्याशा लोणच्यासाठी नाही म्हणतीस?"

"लोणच्यासाठी न्हाई. त्या दिवशी हसलात, त्यासाठी."

तरातरा निघून गेल्या. हे म्हणाले, "द्यायचं होतं, मोठ्या हायेत."

वाईट वाटतंय का मला? बिलकुल न्हाई. मंग इतकी चुटपुट कशाची?

त्या गेल्यावर माझी बरणी उघडून एक फोड खाल्ली. करकरीत, यंदा कधी नव्हे इतकी चांगली. मंग कळलं माझं काय चुकलं. आधी त्यांना एक फोड चाखवायची होती, आणि मंगच न्हाई म्हणायचं होतं.